मास्तरांचा उजवा पाय

रविवारी आमच्या घरात सातच्या आत कुणी जागं असेल तर समजावं, एक तर कुणाला तरी ताप आहे, नाहीतर कुणाला तरी कुठे जायचं आहे. त्या रविवारी जायचं होतं आमच्या धाकटीला. तिला गाडीचं लायसन मिळून तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून गाडीची चावी फ्रिजशेजारच्या खिळ्यावरून उतरून जी तिच्या बोटात अडकली, ती जेवतानाही निघत नव्हती. आज ती आणि तिच्या तीन मैत्रिणी चाळीस किलोमीटरवरच्या तळ्यावर जाणार होत्या. पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यानं, पहिल्यांदाच शेजारी घरचं मोठं माणूस नसताना. गाडी हीच चालवणार होती.

मी ओट्याशी उभी राहून ब्रेडला लोणी लावत होते. दूध बारीक गॅसवर. आमचे हे तोंडाला साबण फासून आरशासमोर.

"टायरमधली हवा बघितलीस का गं?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"काल संध्याकाळीच बघितली, बाबा."

"आणि डोक्यातली?"

"आई, सांग ना यांना काहीतरी!"

"मी कशाला मध्ये पडू? तुमचं बापलेकीचं तुम्ही बघा."

खरं तर मला आदल्या संध्याकाळपासून काळजी लागली होती. पण आईच्या काळजीला कारण लागत नाही, हे घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. तेव्हा दाखवून उपयोग काय? मी मुकाट्यानं काकडी चिरत होते.

तेवढ्यात दारावर थाप पडली. एक. मग जरा थांबून दुसरी.

बेल असताना ठोठावतंय कोण, असं पुटपुटत, हात पुसत गेले, तर दारात मास्तर.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. आमच्या भागात शाळेतल्या मास्तरांना आडनाव लावावं लागतं, यांना नाही. साठीला आलेले, अंगानं काटकुळे, कायम इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाशेजारी कंगवा. त्या दिवशी शर्टाला इस्त्री होती, पण हनुवटीवर दोन-तीन दिवसांचे पांढरे खुंट होते. इतक्या वर्षांत मी त्यांना दाढी न केलेलं पाहिलं नव्हतं.

"ती निघाली तर नाही ना?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"नाही, आठला निघणार आहेत. का हो मास्तर?"

"बरं झालं." त्यांनी चौकटीला हात टेकला. "बरं झालं बाई. काल किराणावाल्याकडे भेटली होती, तेव्हा म्हणाली, मास्तर, उद्या तळ्यावर चाललोय, मीच चालवणार. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही."

चपला काढून ते आत आले. मी सवयीनं चपलांकडे पाहिलं. मास्तरांचा जोड कधी जोडासारखा दिसतच नाही. डावी झिजून पापड झालेली आणि उजवी जवळजवळ कोरी. सोळा वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गाडी शिकत होते, तेव्हा एकदा चेष्टेनं विचारलंही होतं, "मास्तर, लंगडी घालत फिरता की काय?" तेव्हा ते नुसते हसले होते. मग माझंच लक्ष गेलं. गाडीत बसले की ते उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायचे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यावर त्यांचा उघडा पाय असायचा. "चपलेतून गाडी बोलत नाही ताई, कातड्यातून बोलते," म्हणायचे.

त्या पायाचं कौतुक सगळ्यांना होतं. मास्तर स्वतः शिकले ते एका ट्रकवाल्या उस्तादाकडे. गियर चुकला की उस्ताद बोटांच्या पेरांवर पाना हाणायचा. दोन पेरं अजून टेंगळासारखी वर आहेत. त्यातून त्यांनी कानाला खडा लावला होता, की आपल्या गाडीत कुणी घाबरणार नाही. आणि खरंच, त्यांच्या गाडीत कुणी घाबरलं नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई, बँकेतले कॅशियर, साठीत शिकायला आलेल्या एक आजी, सगळे हसतखेळत शिकले. मास्तर कधी ओरडत नाहीत, हात झटकत नाहीत. समोर काही आलं आणि गाडी थांबली की म्हणतात, "शाब्बास! बघा, थांबली की नाही?" गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी पिवळ्या रंगात लिहूनच घेतलं होतं: 'घाबरू नका, मास्तर आहेत.' त्यांच्या बायको शिवणकाम करतात. त्या सांगायच्या, "झोपेतसुद्धा ह्यांचा उजवा पाय माझ्या पोटरीवर ब्रेक मारतो हो. मी मेली रात्रभर सिग्नलला उभी!"

माझ्या बाबतीत मात्र मास्तरांचं कौतुक लायसनपर्यंतच टिकलं. लायसन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी गाडी घेऊन निघाले आणि आमच्या बिल्डिंगच्या फाटकाचा डावा खांब ठोकला. जीव कुणाचा गेला नाही, दिवा फुटला. पण खांब जरा कलला, तो अजून कललेलाच आहे. घरात त्याला 'आईचा खांब' म्हणतात. पाहुणे आले की हे मुद्दाम दाखवतात, "हे आमच्याकडचं प्रेक्षणीय स्थळ." मीही हसते. हसण्यावारी नेलं की लाज थोडी कमी टोचते. पण चावी मी त्या दिवशी खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. आपल्याला जमायचं नाही, आपण मुळातच भित्र्या, अशी मनाशी खूणगाठ बांधून टाकली.

तर ते मास्तर आमच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले. चहा नको म्हणाले. मास्तरांनी चहाला नको म्हणणं म्हणजे काहीतरी बिनसलेलंच.

"ताई, बँकेच्या वळणावरचं ऐकलंत ना?"

ऐकलं होतंच. दहा दिवसांपूर्वी शाळेतल्या गाण्याच्या बाई रस्ता ओलांडताना गाडीखाली आल्या होत्या. पाय दोन ठिकाणी मोडला, खुबा सरकला. डॉक्टर म्हणतात, चालतील, पण जिना चढणं कठीण. आणि बाई राहतात तिसऱ्या मजल्यावर.

"औषधवाल्यांचा मुलगा होता ना गाडीत?" मी म्हटलं. "वीसेक वर्षांचा. दारू प्यायला होता का हो?"

"सगळे हेच विचारतात. दारू नाही, मोबाइल नाही. वेगसुद्धा नव्हता हो. म्हणून तर..." मास्तर थांबले. "माझ्याकडेच शिकलाय तो. गेल्या वर्षी."

आरशासमोरचा वस्तरा थांबला. धाकटी बाटल्या भरता भरता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी त्याला भेटायला गेलो चार दिवसांपूर्वी. भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला म्हणाला, मास्तर, मी दाबला होता हो ब्रेक. तुमच्या गाडीत दाबायचो तेवढाच दाबला. तिथं थांबायची."

मास्तरांनी मान खाली घातली. पायमोजा नव्हता. टाचेला भेगा पडलेला, साधा, म्हाताऱ्या माणसाचा पाय. ते त्याच्याकडे असं बघत होते, जसं घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं.

"त्या वळणावर त्याला मी वीस वेळा नेला असेन ताई. वीसही वेळा गाडी थांबली. वीसही वेळा मी शाब्बास म्हणालो. पण थांबवली कुणी? तो नुसता पाय टेकवायचा. बाकीचं काम माझ्या पायाचं. इतकं अलगद, की त्याला वाटायचं, आपणच थांबवली. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. माझा पाय कधी जातो हे माझं मलाच कळायचं बंद झालं होतं."

मग मास्तर माझ्या मुलीकडे न बघता म्हणाले, "हिचंही तेच आहे."

"म्हणजे?" धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला येते गाडी. मी परीक्षा पास झालेय. एका झटक्यात!"

"परीक्षेला तुझ्या शेजारी कोण होतं, बाळ?"

"तुम्हीच होता."

"आणि परीक्षा घेणारे साहेब?"

"मागच्या सीटवर."

"दोनदा ब्रेक मी दाबला," मास्तर म्हणाले. "एकदा चढावर आणि एकदा रिक्षा आडवी आली तेव्हा."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. ते बघताना मला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, जरा हायसंही वाटलं. माझी भीती उगाच नव्हती तर. त्यात माझं दूध उतू गेलं. फस्स करून वास सुटला, तरी गॅस बंद करायला कुणी हललं नाही, शेवटी मीच धावले.

परत आले तर हे अर्ध्या दाढीनिशी मास्तरांची समजूत घालत होते. "अहो मास्तर, शिकवणाऱ्याला ब्रेक दिलेला असतो तो दाबण्यासाठीच ना? तुम्ही काय मुलांना मरू द्यायचं होतं?"

"दाबला ते चुकलं नाही साहेब. दाबला हे सांगितलं नाही, ते चुकलं."

मला एकदम राग आला. दूध गेल्याचा राग म्हणा हवं तर, पण तो निघाला मास्तरांवर. "तीन महिने माझी मुलगी तुमच्या हवाली केली होती मास्तर. रोज घरी येऊन सांगायची, आज मी असं थांबवलं, आज मी तसं वाचवलं. आम्ही शेजारीपाजारी कौतुक सांगत फिरलो. आणि तुम्ही आज, ती निघायच्या एक तास आधी येऊन सांगताय? कालच का नाही सांगितलंत, किराणावाल्याकडे?"

"हिंमत झाली नाही," मास्तर म्हणाले. मखलाशी नाही, काही नाही. "झाकली मूठ होती ताई. सव्वा लाखाची. उघडायला जड जात होती." मग त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. "मागच्या दोन वर्षांत शिकून गेलेली त्रेचाळीस मुलं आहेत यात. कालपर्यंत सहा घरं झाली. एकानं दार लावून घेतलं. एकाचे वडील म्हणाले, मास्तर, वय झालं तुमचं, आराम करा. एक मुलगी तर पोट धरून हसली. एकच आला बरोबर, गाडी चालवून बघायला. तुमचं घर सातवं."

"आणि गाण्याच्या बाई? त्यांना भेटलात?"

"भेटलो. इस्पितळात गेलो, संत्री घेऊन." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्या म्हणाल्या, त्या पोराचा राग येत नाही हो मला. लहान आहे. पण त्याला शिकवलं कुणी, ते एकदा बघायचंय. मी संत्री टेबलावर ठेवली आणि निघून आलो. त्यांना वाटलं, मी शाळेतला कुणी पालक."



मास्तर उठले. "मला अर्धा तास द्या. माझी गाडी खाली आहे. हिनं चालवायची, तुम्ही मागे बसा. मी एक शब्द बोलणार नाही. परत आल्यावर हिला तळ्यावर जायचं असेल तर खुशाल जाऊ दे, मी आडवा येणार नाही."

"चला," धाकटी म्हणाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशा ऐटीत. "आत्ता दाखवते."

खाली गेलो. मास्तरांची गाडी फाटकाबाहेर उभी होती. मागच्या काचेवरचा पिवळा रंग ब्लेडनं खरवडून काढलेला होता. नीट निघाला नव्हता. 'घाबरू नका' एवढं पुसट पुसट वाचता येत होतं, पुढचं गेलं होतं.

बसल्यावर मास्तरांनी डॅशबोर्डखाली बोट दाखवलं. तिथं एक पांढरी डबी स्क्रूनं बसवली होती, तिच्यातून वायर निघून त्यांच्या ब्रेकपर्यंत गेली होती.

"दारावरची बेल आहे. परवा इलेक्ट्रिशियनकडून लावून घेतली. मी ब्रेक दाबला की वाजणार. म्हणजे लपवाछपवी नको. ताई, तुम्ही फक्त मोजा."

आणि बेल तरी कोणती? चिमणीच्या चिवचिवाटाची. मास्तरांनी ब्रेक दाबून ऐकवली आणि धाकटीला हसू फुटलं. "मास्तर, दुसरी मिळाली नाही का?"

"दुकानात हीच होती," मास्तर गंभीरपणे म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं, आमच्या दाराची बेल सोडून त्यांनी थाप का मारली ते. आमचीही चिमणीच आहे.

गाडी निघाली. गल्ली सरळ होती, धाकटीनं झोकात काढली. आरशातून माझ्याकडे एक विजयी नजरही टाकली. गल्लीच्या तोंडाशी ती वळली आणि चिमणी चिवचिवली. अगदी अर्धा क्षण.

"मी दाबणारच होते!"

मी बोट दुमडलं, एक.

भाजीवाल्यांच्या रांगेपाशी दुसऱ्यांदा. तेव्हा ती म्हणाली, "तो सायकलवाला मला दिसला होता." शाळेच्या गतिरोधकापाशी तिसऱ्यांदा. "इथं आधी नव्हता हा." गतिरोधक मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच आहे. मी तिसरं बोट दुमडलं. चौकातल्या गोलापाशी चौथ्यांदा आणि लगेच पाचव्यांदा. पाचव्यानंतर तिनं कारणं देणं सोडलं. तिची मान ताठ झाली, कानाच्या पाळ्या लाल. लहानपणी पाढा चुकला की अशाच व्हायच्या.

मागून मला एक गोष्ट दिसत होती, ती तिला दिसत नव्हती. प्रत्येक वेळी चिमणी आधी बोलायची आणि मग तिचे खांदे पुढे यायचे. गाडी थांबू लागली की ही थांबवायला निघायची. तीन महिने ती हेच शिकली होती. गाडी थांबणार हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. थांबवायची असते, हे नाही.

बेकरीसमोर दोन टेम्पो ओळीनं उभे होते. त्यांच्या फटीतून एक आजोबा, हातात काठी, काखेत पावाची पुडी, सरळ रस्त्यावर आले. इकडे नाही, तिकडे नाही. आणि चिमणी सुरू झाली ती थांबेचना. मी पुढच्या सीटवर आदळले. गाडी आजोबांपासून हातभर अंतरावर उभी राहिली, आणि ती मेली चिमणी चिवचिवतेच आहे, चिवचिवतेच आहे, कारण मास्तरांनी पाय उचलला नव्हता.

आजोबा थांबले. गाडीकडे पाहिलं. चालवणारी मुलगी बघून त्यांनी काठी उचलली आणि मान डोलावून तिचे आभार मानले. तिचे! मग सावकाश पलीकडे गेले.

मास्तरांनी पाय काढला. चिमणी थांबली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"मास्तर," धाकटी म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच आहे."

"हं."

"मला वाटलं, ब्रेकवर आहे. शपथ. मला खरंच वाटलं."

"मला माहीत आहे, बाळ. त्यालाही तसंच वाटलं होतं."

येताना तिनं गाडी इतकी हळू चालवली की एका कुत्र्यानं आम्हाला मागे टाकलं. एरवी यावर आम्ही दोघी खिदळलो असतो. चिमणी आणखी तीनदा वाजली. एकूण नऊ. मी आकडा सांगितला नाही, तिनं विचारलाही नाही. तिचा तिनंही मोजला असणार.

फाटकातून आत येऊन तिनं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बसून राहिली. मी खांद्यावर हात ठेवला तर तिनं तो झटकला नाही, एवढंच. थोड्या वेळानं मोबाइल काढला. काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही असा तिचा समज आहे, पण मोठी अक्षरं दिसतात. आधी होतं, 'गाडीत बिघाड झालाय'. ते पुसलं. मग नुसतंच, 'बसनं जाऊ या. सांगते भेटल्यावर.' ते गेलं.

"सँडविच आठ बांधलीत मी," मी म्हटलं. "बसमध्ये काकडी ओली होईल तेवढीच."

"आई, प्लीज," ती म्हणाली, पण रडता रडता तिला जरा हसू आलं. ती उतरली आणि चावी मास्तरांच्या हातात देऊन, कुणाकडेही न बघता जिना चढून गेली. वरून यांचा आवाज आला, "काय गं, जिंकलीस?" आणि मग दार जोरात लागल्याचा.

मास्तर सीटखालून चप्पल काढून पायात घालत होते. घालून झाल्यावर ते फाटकाच्या डाव्या खांबापाशी गेले आणि त्याला हात लावून उभे राहिले. माझ्या खांबाला.

"ताई, हा तुम्ही ठोकला होता ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं. मग आठवलं, यांचं प्रेक्षणीय स्थळ. अख्ख्या भागाला ठाऊक.

"तेव्हाच कळलं होतं मला. मी हसलोही होतो. म्हटलं, ताईंचा हात अजून बसायचाय." त्यांनी खांबावरची पोपडे आलेली रंगाची कपची काढली. "परवा बेल लावताना हा खांब डोळ्यांपुढे आला. हे वळण तुम्हाला कधी जमलंच नव्हतं ताई. दोन महिने रोज इथून आत-बाहेर केलं आपण, आणि रोज इथं माझा पाय होता. एक दिवस तो नव्हता. बस, तेवढंच झालं. तुम्ही भित्र्या नव्हता. तुम्हाला शिकवलंच नव्हतं मी."

माणसाला अशा वेळी काय वाटायला हवं, मला माहीत नाही. मला पिशव्या आठवल्या. सोळा वर्षं दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बसथांब्यावर उभी राहिलेली मी. धाकटीला एकशे तीन ताप असताना रिक्षा मिळेना म्हणून रस्त्यात धावलेली मी, आणि घरी गाडी उभी. पाहुण्यांपुढे खांबाची गोष्ट निघाली की सगळ्यांच्या आधी हसणारी मी. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं, की माझा खांब म्हणजे एक फुटलेला दिवा. माझं नशीब. गाण्याच्या बाईंच्या तिसऱ्या मजल्यापुढे माझ्या पिशव्यांचं काय घेऊन बसायचं? पण राग यायचा तो आलाच. मास्तरांकडे बघवेना, म्हणून मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. एक झिजलेली, एक कोरी.

"त्यांना सांगायला हवं तुम्ही," मी शेवटी म्हटलं. "बाईंना. संत्री ठेवून पळून यायचं नाही."

"आज दुपारी जाणार आहे. इथून सुटलो की." त्यांनी मान हलवली. "त्या काय म्हणतील ते म्हणू देत. मला वाटतं, त्यानंतर माझ्याकडे शिकायला कुणी येणारही नाही. तेही बरोबरच आहे."

धीर द्यावा असं वाटलं, पण कशाच्या बळावर देणार? वर आमच्या खिडकीत धाकटी उभी होती. पडदा धरून, आम्ही काय बोलतोय ते ऐकत. मास्तरांनीही वर पाहिलं. वही काढली, आमच्या नावापुढे खूण करायला पेन उघडलं आणि खूण न करताच पुन्हा बंद केलं.

"ताई, एक मागू का?"

"मागा."

"उद्यापासून रोज सकाळी सहाला, एक तास. तुम्ही दोघीही या. चिमणी वाजायची थांबेपर्यंत."